वेदीपाशी सोडलेला भोपळा

जबलपुरात रविवारी शुभवर्तमान ऐकणारे पुष्कळ होते, पण रविवारी ऐकलेलं सोमवारी सकाळी सातच्या भोंग्याला कामावर लावणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या नशिबी सासरा म्हणून आला. आम्ही नागपूरकडच्या सुना सासऱ्याला मामाजी म्हणतो. तर हे मामाजी दारूगोळ्याच्या फॅक्टरीत तपासनीस होते. तोफेच्या शेलचं तोंड तपासायला त्यांच्याकडे दोन टोकांचं एक माप असे. एक टोक आत गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये, मग माल पास. अधलंमधलं काही नाही. तीस वर्षं हेच केल्यावर माणसाचं डोकंही तसंच होतं. येशूचं वचन त्यांच्या लेखी असंच एक माप होतं आणि ते रोज उठून आम्हाला लावून बघत. मदन महालच्या आमच्या दोन खोल्यांत बहुतेक दिवशी सगळा माल रिजेक्ट व्हायचा.

मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात चर्चमध्ये उद्याची चिंता न करण्याबद्दलचा पाठ निघाला होता. सोमवारी मी दुधाला विरजण लावत होते, तर मामाजी दारात उभे. "सूनबाई, हे काय करून राहिली?" मी म्हटलं, दही लावतेय. "कोणासाठी?" "उद्यासाठी." झालं! दही म्हणजे उद्याची चिंता, भिजवलेली डाळ म्हणजे उद्याची चिंता, लोणच्याची बरणी तर पुढच्या वर्षाची चिंता. सगळं बंद. सासूबाई मुरलेल्या होत्या. त्यांनी गुपचूप शेजारच्या भाभींकडे विरजण लावायची सोय केली आणि गुरुवारी ताटात कढी वाढली. मामाजी दोन वाट्या कढी प्यायले, मिशा पुसल्या आणि आकाशातल्या पाखरांना कसं सगळं आयतं मिळतं यावर आम्हाला पंधरा मिनिटं ऐकवलं. सासूबाई मला हळूच म्हणाल्या, "प्रभूच्या चाळीस दिवसांच्या उपासाचा पाठ निघायच्या आत मी माहेरी जाते बाई."

पण घरचे तरी सवयीचे. बाहेरच्यांचे हाल कुत्रा खात नव्हता. कोणी बळजबरीनं एक कोस चालायला लावलं तर त्याच्याबरोबर दोन कोस जा, असा पाठ आला त्या आठवड्यात स्टेशनाबाहेर एका गरीब पाहुण्यानं यांना राइट टाउनातल्या आपल्या बहिणीच्या घराचा रस्ता विचारला. मामाजींनी त्याची ट्रंक उचलून डोक्यावर घेतली आणि चालू लागले. बहिणीचं घर आलं, तो माणूस "बस, बस, भाईसाहब, यही है" म्हणत थांबला, तरी हे पुढेच. "अभी दूसरा कोस बाकी है!" ट्रंक चालली म्हटल्यावर तो बिचारा काय करणार? मागे मागे धावला. दुसरा कोस संपला तेव्हा दोघं एका लाकडाच्या वखारीसमोर उभे होते. मामाजींनी तिथे ट्रंक ठेवली, नमस्कार केला आणि घरी आले. त्या माणसानं ती परत कशी नेली कोण जाणे.

आता त्यांच्या मित्राबद्दल सांगायला हवं, कारण खरा घोळ तिथेच झाला. कांचघरला राहणारे काका आणि मामाजी एकाच मिशनच्या बोर्डिंगात वाढले, एकाच दिवशी फॅक्टरीत लागले आणि एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून शेल तपासत. दोघंही चर्चचे पंच. मेजवानीला गेलात तर सगळ्यांत खालच्या जागी बसा, यजमानच तुम्हाला वर बोलावेल, असा पाठ एका रविवारी झाला आणि मंगळवारी मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांत, एक लग्न होतं. मामाजी चपलांजवळ जाऊन बसले. काका आले, त्यांनी पाहिलं आणि चपलांच्या पलीकडे बसले. मामाजी उठून मांडवाबाहेर पाण्याच्या पिंपाजवळ गेले. काका पिंपाच्या मागे. मामाजी आचाऱ्याच्या सरपणावर. शेवटी काका रस्त्यावर जिथे नवरदेवाची घोडी बांधली होती तिथे जाऊन बसले, त्याच्या खालची जागा काही शिल्लक नव्हती. यजमान व्याह्यांच्या गडबडीत, त्याला हे दोघं गावात आहेत याचाही पत्ता नाही. पुलाव संपला, घोडीसुद्धा चणे खाऊन मोकळी झाली, आणि हे दोघे उपाशीपोटी भर रस्त्यात भांडले. "माझ्यापेक्षा खाली बसणारा तू कोण? मी तुझ्याहून नम्र आहे हे सगळ्या मंडळीला माहीत आहे!" असं आमचे मामाजी ओरडले. हे मी कानांनी ऐकलंय.

त्यानंतर तीन वर्षं दोघं बोलले नाहीत. टेबल तेच, शेल तेच, मधे बसणाऱ्या मिश्राजींकडून निरोप. "मिश्राजी, उनसे कहिए यह दोबारा देखें." घरी कोणी समजवायला गेलं की मामाजी म्हणत, "मी त्याला केव्हाच क्षमा करून ठेवली आहे. तो मागायलाच येत नाही, त्याला मी काय करू?" कांचघरला सासूबाई गेल्या तर काकांच्या तोंडीही तेच वाक्य. दोन घरांत दोन क्षमा तयार, आणि मधे माणूस एकही नाही.

अशात पासष्टची लढाई लागली. खिडक्यांना काळा कागद, फॅक्टरीत दुहेरी पाळ्या. काकांचा एकुलता एक मुलगा तोफखान्यात होता, आणि तो सीमेवर गेला. त्या दिवसांत मामाजी एवढा माल बाजूला काढू लागले की फोरमन वैतागला. "बाबूजी, इतना मत देखिए, ऊपर से तार पर तार आ रहे हैं." मामाजी म्हणाले, "देखना पड़ेगा. लड़का तोप पर है." मिश्राजींनी हे आम्हाला घरी येऊन सांगितलं. मामाजी स्वतः कुठे सांगणार! पुढे लढाई थांबली, इतरांच्या घरी पत्रं आली, पण कांचघरला आलं नाही. काकांनी रजा टाकली. सगळी मंडळी त्यांच्याकडे प्रार्थनेला जाऊन आली, मामाजी तेवढे गेले नाहीत. आम्ही दोघी जाऊन आलो की ते पेपरामागून विचारत, "काय म्हणत होता?" सासूबाई म्हणत, "कोण?" "कोणी नाही." एवढा हट्टी म्हातारा मी दुसरा पाहिला नाही. मला त्यांचा भयंकर राग यायचा आणि कीवही यायची.

मग कापणीचा सण आला. या सणाला आमची मंडळी घरचं पीक वेदीपाशी नेऊन ठेवते. मामाजींनी आपल्या वेलावरचा लाल भोपळा आणला होता, पोटाशी धरला तरी दोन्ही हात पुरू नयेत एवढा. पाळकसाहेबांनी पाठ वाचला: अर्पण आणलं असताना आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. पाठ संपला, रांग निघाली, आणि मामाजी वेदीजवळ जाऊन भोपळ्यासकट थबकले. मागे सगळी रांग अडली. एका बाईच्या टोपलीतली कोंबडी ओरडू लागली. मामाजींनी भोपळा खाली ठेवला आणि म्हणाले, "साहेब, हा इथंच राहू द्या. मी जाऊन येतो." पाळकसाहेब गोंधळले. "अहो, कुठे?" "कांचघरला." आणि निघालेसुद्धा.

सासूबाईंनी मला कोपरानं ढोसलं. "अगं जा मागे, चष्मा न् बायबल इथंच टाकून गेले!" मी सायकलरिक्षा करून पोचले तेव्हा मामाजींची सायकल कुंपणाला टेकलेली होती आणि ते अंगणात उभे होते. काका बाजेवर बसलेले, दाढी वाढलेली. "उपासना सोडून काहून आला?" काकांनी विचारलं. मामाजींनी तोंड उघडलं. उठता बसता वचनं फेकणारा माणूस, त्याला एक शब्द सुचेना. मी बायबल पुढे केलं तर त्यांनी हातानंच नको म्हटलं. "राहू दे, सूनबाई. आज नुसताच आलोय." काकांनी बाजेवर सरकून जागा केली. मग काका म्हणाले, "चौतीस दिवस झाले, पोराचं पत्र नाही." मामाजी म्हणाले, "माहीत आहे मला. मी पण मोजून राहिलो." आणि दोघं म्हातारे एकमेकांचे हात धरून रडायला लागले. मी स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला, तो कोणीच प्यायलं नाही.

पत्र पुढच्याच महिन्यात आलं, लष्करी दवाखान्यातून. पोरगा लंगडत का होईना, घरी आला. भोपळ्याचं काय करावं हे पाळकसाहेबांना न कळल्यामुळे तो आठवडाभर वेदीपाशीच बसून होता. पुढच्या रविवारी दोघांनी मिळून तो उचलून अर्पण केला, आणि उचलताना कोणी जास्त भार घेतला यावरून थोडी कुरबुर झालीच.

आता दोघंही नाहीत. घरात माप लावणारं कोणी नाही, दही रोज लागतं. मामाजींच्या गोष्टी सांगून मी नातवंडांना हसवते आणि स्वतःही पोट धरून हसते. पण तो समेटाचा पाठ आला की माझं हसू जातं. नागपूरला माझी सख्खी धाकटी बहीण आहे. आम्ही अकरा वर्षं बोललो नाही, आणि तिला मी मनातून केव्हाच क्षमा केली आहे. पाठ वाचून होतो, रांग निघते. मी माझं अर्पण नीट वेदीपाशी ठेवते, जागेवर येऊन बसते आणि उपासना संपेपर्यंत उठत नाही.