अमावस्येला वाजलेला माग

डॉक्टरांनी माझ्या पोटातलं वीतभर आतडं कापून काढलं आणि तिसऱ्या महिन्यात मी भूत झालो.

मधे मेलो मात्र न्हाई. (तेवढी ताकद कुठनं आणायची?) आतड्यात कॅन्सरची गाठ होती. ती गेली, पण जाताना अंगातलं सगळं बळ घेऊन गेली. लोक जर्मनीच्या लढाईवर बोलायचे, माझी लढाई न्हाणीपर्यंतच! सोळा तास झोपायचं आणि उरलेले आठ तास दमायचं.

आमची मंडळी त्याच्या आधीच, पावसाळ्यात गेली. तिच्या मागावर साडी विणायची हातभर राहिलेली. "मी पुरी करतो," असं मी तिला शेवटच्या दिवशी बोललो होतो. पण एका सकाळी मुलगा गजू म्हणाला, "आप्पा, ती साडी परवा कापून काढतो. उंदीर सूत कुरतडाय लागल्यात. तुमच्यानं हुतंय व्हय आता?"

(उद्या का न्हाई, परवाच का, हे मी विचारायला पाहिजे होतं.)

दुसऱ्या दिवशी दुपारी गजू आणि सून सुंदरा देवळात गेली. मी भिंत धरत, बसत-उठत मागाच्या खोलीत पोचलो, दार लोटलं आणि मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसलो. बाहेर सगळं गप. आमच्या शहापूरच्या गल्लीत मागांच्या खटखटीत माणूस ओरडून बोलतो, आणि आज एक माग वाजेना! म्हटलं, क्लोरोफॉर्मनं कान गेले.

सुताचा धोटा ह्या काठाकडनं त्या काठाकडं टाकला. खट्! स्पष्ट ऐकू आलं.

अंगावर काटा आला. अख्ख्या गल्लीत मला फक्त तिचाच माग ऐकू येत होता! दोन धोटे टाकले की धाप लागायची, थांबायचो. परत दोन. खोकल्यानं तिची शेवटी हीच चाल झाली होती. पाठीमागं कोण तरी बसलंय असं वाटायला लागलं. वळून बघायचं धाडस न्हवतं. ताकद पण न्हवती! कापडावर कपाळ टेकलं आणि तिथंच झोप लागली.

जाग आली ती सुंदराच्या किंकाळीनं.

"अंथरूण मोकळं हाय! आप्पा न्हाईत!"

"आत माग वाजत हुता, मी ऐकलं," शेजारची शिवाक्का दाराबाहेरून म्हणाली. "दोन खट् आनि गप. तुझ्या सासूचीच चाल. आज अमावस्या. आपल्यात आज कोण माग चालवतंय गं?"

अमावस्या! म्हणून गल्लीतले माग बंद. पडून पडून माझी तिथीच हुकली होती. खड्ड्यातनं उठायला गेलो, तर पाय दुसऱ्याचेच. हाक मारली, "मी हाय..." आजारानं आवाज चिरका झालेला.

"बाईचा आवाज!" शिवाक्का म्हणाली. "बाई, काय पायजे तुला?"

"पानी..."

"पानी मागतीया!"

दार चार बोटं किलकिलं झालं. तांब्या आणि दहीभात आत सरकला, दार परत बंद. मग शिवाक्का ओरडली, "आप्पाला सोड गं बाई! त्याचा तुला काय उपेग? अर्धं आतडं डॉक्टरनं ठिवून घेतलंय!"

मी रागानं काही बोलणार, तोच गजूचा रडका आवाज आला. "आई, तेंना नेऊ नको. काम न्हाई झालं तरी चालंल. नुसतं घरात बसून ऱ्हाऊ देत."

तीन महिने मला वाटत होतं, पोरगं माझ्या पडून राहण्याला कंटाळलंय. तोंड उघडलं तर परत बाईच वाटायची. मी फक्त हात वर केला. दाराच्या फटीतनं शिवाक्कानं मागावर उठलेला तो वाळका हात बघितला आणि थेट शेजारच्या वडगावच्या दिशेनं पळाली!

गजू मात्र दार ढकलून आत आला. मला बघून खड्ड्याच्या काठावर टेकला.

"ती आली असती तर बरं झालं असतं रं," मी म्हणालो.

त्यानं डोळे पुसले, मी विणलेलं चार बोटं कापड उजेडाला धरलं, आणि माझ्याकडं बघितलं.

"आप्पा, आधी हे बघितलं असतं तर आमी भ्यालोच नसतो. भूत झाली तरी आई असलं वाईट विणंल व्हय?"