आधी मायचं ताट

"तुमच्या आईला डिमेन्शिया आहे," डॉक्टर म्हणाले. "पण आज मला त्यापेक्षा दुसरी काळजी आहे. त्यांना घरी जेवायला मिळतं का?"

डिमेन्शिया म्हणजे मेंदू हळूहळू झिजत जातो, आधी आठवणी जातात आणि मग रोजची साधी कामंही सुटत जातात. हे डॉक्टरांनी नंतर नीट समजावलं. तेव्हा मला दुसरंच वाक्य ऐकू आलं होतं. मी धामणगाव बढ्याचा, भाजीपाला करणारा. माझी वांगी-मिरची मलकापूरच्या बाजारात जाते, आणि माझीच माय उपाशी? बुलढाण्याच्या त्या दवाखान्यात बाकीचे पेशंट माझ्याकडे वळून बघायला लागले. माय मात्र छताचा पंखा बघत होती.

तिचं वजन फार उतरलं होतं. रक्तात अल्ब्युमिन कमी निघालं. हे रक्तातलं एक प्रथिन, माणसाची तब्येत खालावली की तेही कमी होतं. साखर, थायरॉइड, पोटाची सोनोग्राफी, सगळं ठीक. म्हणजे रोग पोटात नव्हता.

"दिवसा त्यांच्याजवळ कोण असतं?"

मी खरं ते सांगितलं. मी आणि बायको शोभा वावरात जातो. माय एकदा फिरत फिरत पार एसटी स्टँडवर गेली होती, तेव्हापासून आम्ही बाहेरून कडी लावतो. परसदार उघडं असतं, तिकडे भिंतीच्या आत गाय बांधलेली आहे.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मला हे समाजकल्याण कार्यालयाला कळवावं लागेल. तुमच्यावर आरोप नाही."

आरोप नाही असं कोणी मुद्दाम सांगितलं की समजून घ्यावं, आरोप आहे. मला राग आला. कितीतरी दिवस तो गेला नाही, हेही सांगून टाकतो.

पुढच्याच आठवड्यात दारात सरकारी जीप उभी राहिली. समाजकल्याण कार्यालयाच्या तायडे मॅडम आणि सोबत आमच्या गावचे पोलीस पाटील. जीप बघून गल्ली गोळा झाली. समोरचा मित्र हळूच म्हणाला, "काय बे, काय केलं?" काय केलं हे मलाच माहीत नव्हतं.

मॅडमनी आम्हा तिघांना वेगवेगळं विचारलं. आमची माय साहेबलोकांपुढे घरची तक्रार करणारी नाही. तिने सांगितलं, "नाई वं बाई, सून लय चांगली हाय. हाव, जेवली ना पोटभर."

मी म्हणालो, "मॅडम, आमच्या घरी आंधी मायचं ताट होते, मंग बाकीच्याइचं. कोनालेबी इचारा." गल्लीतल्या लोकांनी माना डोलावल्या. खरंच होतं ते. सकाळी वावरात जायच्या आधी शोभा तिचं ताट वाढून झाकून ठेवायची. रात्रीसुद्धा आधी तिच्या खोलीत ताट जायचं. परत यायचं ते रिकामं.

मॅडमनी ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं. बाहेरून कडी लावणं आजपासून बंद. घरी कोणीतरी थांबायचं. आशाताई वजन बघून जातील. वजन वाढलं नाही तर मायला बुलढाण्याच्या वृद्धाश्रमात हलवावं, असं त्या मलकापूरला उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे मांडणार. निकाल तिथं.

त्या गेल्यावर शोभा रडली. "लोकं काय म्हनतीन? सुनेनं सासूले उपाशी मारलं म्हनून." मायला घेऊन गेले तर ती कुठं आहे हे तिला कळणार नाही, आणि मी घरात कोणत्या तोंडाने जेवू, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

शोभा घरी थांबू लागली. तरी वजन तसूभर हललं नाही. शोभा समोर बसली की माय ताट घेऊन आत निघून जायची, आणि ताट रिकामं व्हायचं.

मग मॅडम पुन्हा आल्या, एसटीने, न सांगता, ऐन दुपारी. त्या मायच्या खोलीत बसून राहिल्या. ताट झाकलेलं होतं. बराच वेळ गेला. माय दाराकडे बघत होती.

"माय, कोणाची वाट पाहता?"

माय त्यांच्याकडे अडाणी पोरीकडे बघावं तशी बघत म्हणाली, "मानसं वावरातून आले नाई अजून. त्याइच्या आंधी कसं जेवू?"

उलगडा झाला तो असा. जन्मभर ती घरची माणसं जेवल्यावर जेवली. बाकी सगळं पुसलं गेलं, हा नेम तेवढा राहिला. आम्ही मान म्हणून तिला आधी वाढत होतो, आणि आधी वाढलेलं ती तोंडात घालत नव्हती. रात्री आम्ही जेवायचो तेही तिला आपल्या खोलीतून दिसत नव्हतं. दिवस कलला की, आणि रात्री निजायच्या आधी, अन्न वाया जाऊ नये म्हणून खोलीच्या मागच्या दाराने परसात गायीला घालायची. शोभाने विचारलं की "जेवली" म्हणायची. आमची गाय तेवढी धडधाकट होती.

मॅडमनी मला फोन केला. "आहात तसे घरी या आणि आईसमोर जेवा."

मी चिखलाच्या पायांनी आलो. हात धुतले, मायसमोर बसलो. ती माझा घास न् घास बघत होती. "अजून भाकर घे," म्हणाली. मी घेतली. माझं ताट संपलं तेव्हा तिने आपल्या ताटावरचं झाकण काढलं आणि अख्खी भाकर खाल्ली. दाराशी शोभा पदर तोंडाला लावून उभी होती. मला फार लाज वाटली आणि फार बरं वाटलं, दोन्ही एकदम.

तुमच्या घरी असं माणूस असेल तर एक सांगतो. रिकाम्या ताटावर विश्वास ठेवू नका, जवळ बसा. आणि जीप दारात आली तर भांडू नका. माझ्या घरात मला जे दिसलं नाही ते परक्या बाईला दिसलं, कारण ती बघायलाच आली होती. त्या डॉक्टरांचाही आता राग नाही. त्यांनी कळवलं नसतं तर माय गेली असती.

त्या दिवसापासून मी रोज आधी तिच्यासमोर बसून जेवू लागलो. मलकापूरला तारीख लागली तोवर तिचं वजन थोडं वाढलं होतं. साहेबांनी मायला विचारलं, "आजी, कुठं राहायचं तुम्हाला?"

तिने माझ्याकडे बोट केलं. "याच्या घरी."

"हा तुमचा कोण?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी बोलायला तोंड उघडलं, तर मॅडमनी हातानेच थांबवलं.

"कोन हाय, नाई ठाऊक," माय म्हणाली. "पन रोज दुपारी वावरातून घरी येते. मले उपाशी नाई ठेवत."

साहेबांनी तेवढंच लिहून घेतलं आणि मायला घेऊन घरी जायला सांगितलं.