मधातलं बिऱ्हाड

सदऱ्याच्या खिशातून सुताचा तुकडा काढायचा, दोन टोकं जुळवून तो दुमडायचा आणि जिथं घडी पडेल तिथं चिमटीत धरून समोरच्याच्या नाकासमोर नाचवायचा. "हे पाहा, मधात!" म्हणजे बरोबर मध्यावर. आमच्या भाडेकरूंची ही रीतच होती. एखाद्याने त्यांना गुळाचा भाव विचारला तरी ते आधी दोरा काढतील, अशी आम्हाला धास्ती असे.

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल, की ज्याचं नाव कुणाला माहीत नसतं आणि ज्याला ओळखत नाही असाही कुणी नसतो. आमच्या अल्लीपूरमध्ये ते हे. सगळे त्यांना 'मधातले भाऊ' म्हणत. मी भाऊजी म्हणे, ते मला वयनी म्हणत. आमच्या मागच्या खोलीत ते राहत. 'राहत' म्हणताना आजही माझी जीभ अडखळते. का, ते सांगते.

ते पहिल्यांदा आले तेव्हा मी अंगणात तुरीची डाळ पाखडत होते. केसांत कापसाचा भुगा, हातात पिशवी, आणि चेहरा असा की या माणसाला नाही म्हणायचं म्हणजे पापच.

"वयनी, तुमची मांगची खोली खाली हाय म्हणते. भेटंल काय?"

"कोणाले पाह्यजे?"

"मलेच. मी पुलगावले गिरणीत, घरची गिरडले नर्स. मंग म्हटलं मधात पाहू." आणि निघाला दोरा.

पुलगाव वर्धा जिल्ह्याच्या एका टोकाला, गिरड दुसऱ्या टोकाला. लग्न ठरवताना दोन्हीकडच्यांनी पोराची गिरणी पाहिली, पोरीची सरकारी नोकरी पाहिली, मधला जिल्हा कुणी पाहिलाच नाही. लग्नानंतर ते म्हणत, हिंगणघाटला राहू, तुला जवळ पडेल. ती म्हणे, वर्ध्याला राहू, तुम्हाला जवळ पडेल. नवराबायको भांडतात कशावरून, आणि हे दोघं भांडत कशावरून! शेवटी भाऊजींनी कुठल्याशा कचेरीत भिंतीवरच्या जिल्ह्याच्या नकाशाला गिरणीतला दोरा लावला, दुमडला, आणि घडीखाली आमचं गाव आलं. दोऱ्याला एसटी बदलावी लागत नाही, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. पुलगावहून वर्ध्याला आगगाडी, पुढे एसटी. गिरडहून हिंगणघाटला एसटी, तिथं ताटकळून दुसरी एसटी. दोघांनाही सारखाच त्रास. त्यांना वाटे, हाच न्याय.

रोज जाणं-येणं शक्यच नव्हतं. ते गिरणीत बदली कामगार. म्हणजे सकाळी भोंग्याला फाटकावर उभं राहायचं, कायम कामगारांपैकी कुणी आलं नाही तर त्याच्या जागी आत जायचं, नाही तर घरी. आणि चार दिवस फाटकावर दिसलं नाही की कायम होण्याच्या रांगेत मागे. नर्सचं तर रात्रीअपरात्री बाळंतपणाला बोलावणं, तिला दवाखाना सोडून झोपता यायचं नाही. म्हणून ते पुलगावला भावाच्या ओसरीवर पथारी टाकत आणि ती गिरडला दवाखान्यामागच्या खोलीत राही.

"मंग भाऊजी, हे तिसरं बिऱ्हाड कायले?" मी विचारलं.

"वयनी, नोकरी दोन ठिकाणी हाय. संसार कुठीतरी लागते ना?"

मी खोली दिली.

मग पहिल्याच महिन्यात मला कळलं, की गिरणी बंद असते मंगळवारी आणि नर्सबाईला सुट्टी रविवारी. मी कपाळावर हात मारला. ते दोरा बोटाला गुंडाळत हसले. "हे काई जन्माचं थोडीच हाय? तिची बदली होईल, नाई तं माही बदली सुटंल." तिची बदली म्हणजे अल्लीपूरच्या दवाखान्यात, आणि यांची सुटायची बदली म्हणजे गिरणीत कायम होणं. कायम झालं की रजा मिळते, मग काही जमवता येतं. एकाच शब्दाच्या दोन टोकांना दोघं लटकलेले, आणि दोन्ही टोकं दुसऱ्याच्या हातात. इकडे आड, तिकडे विहीर, आणि हे मधात.

तर संसार सुरू झाला. रविवारी ती यायची. ठेंगणी, तरतरीत, बोलायला मोकळी. खोली झाडायची, सारवायची, चूल पेटवायची आणि दशम्या करायची. दुधात भिजवलेल्या दशम्या मंगळवारपर्यंत टिकतात. सोबत जवसाची चटणी. फडक्यात बांधून ते शिंक्यात ठेवायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत. मंगळवारी भाऊजी यायचे, कुलूप उघडायचे, शिंकं खाली घ्यायचे. खाऊन झालं की हात पुसत अंगणात यायचे आणि तृप्त होऊन म्हणायचे, "झाली भेट!"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पदर तोंडाला लावून हसले. पण त्या माणसाला दशमीतून खरंच सगळं कळे. "आज दशम्या जाड झाल्या, वयनी. मंजे तिले घाई होती, कोणाचं तरी बाळंतपण अडून राह्यलं असंल." "चटणीत तिखट लय हाय आज. डॉक्टर बोलला वाटते तिले." पुढच्या रविवारी मी तिला विचारावं, तर दहातल्या आठ वेळा ते खरं निघे.

आता त्यांची पाळी. ते विहिरीवरून पाणी आणून मडकं काठोकाठ भरायचे, आठवड्याची लाकडं फोडायचे, शिंक्यात चार संत्री नाहीतर पेरू ठेवायचे आणि निघायचे. ती रविवारी आली की आधी त्या मडक्यातलं पाणी प्यायची.

"अवं बाई, पाच दिवसांचं पाणी हाय ते," मी ओरडायचे. "नर्स हायेस ना तू? दुनियेले शिकवतेस पाणी उकळून प्या म्हणून."

"ताई, कोणं भरलं ते पाहा ना," ती म्हणायची आणि आणखी एक पेला घ्यायची.

खोलीत एकच बाज होती, एकच ताट, एकच पेला. तिथं एका वेळी एकच माणूस असे, दुसरं ताट आणायचं कुणासाठी? दिवाळी आणि पोळा असे वर्षातले काही दिवस तेवढे दोघं एकत्र असत. तेव्हा ती लाजत माझ्या दारात यायची, "ताई, एक ताट द्या ना." ते ताट देताना मला फार बरं वाटे. त्या दिवसांत मागच्या खोलीतून दोघांचं हसणं ऐकू यायचं आणि आमचे हे पेपरामागून म्हणायचे, "आज घर भरलं."

अशाच एका दिवाळीत भाऊजींनी आढ्याला लोखंडी कडी ठोकून घेतली. शिंक्याला खुंटी पुरते, कडी कशाला ते मला न सांगता कळलं. ते स्टुलावर उभे राहून दोन्ही हातांनी कडीला लोंबकळले. "पक्की हाय, वयनी. पाळणा झेलते." ती चुलीपाशी मान खाली घालून बसली होती.

पण पाळण्याआधी बिऱ्हाड एक व्हायला हवं, हा तिचा हट्ट. "पोर कोणापाशी ठिवू ताई? गिरडले ठिवलं तं ह्यायले दिसनार नाई, पुलगावले ठिवलं तं मले." ती स्वतः गिरडच्या चहूकडच्या खेड्यांत जाऊन दुसऱ्यांची बाळंतपणं करी आणि स्वतःचं मात्र बदलीवर ठेवी. मी एकदा भाऊजींना स्पष्ट बोलले, की एकाने नोकरी सोडा. त्यांचा चेहरा पडला. "तिची सोडायची म्हटलं तं पेन्शनची नोकरी. माही सोडायची म्हटलं तं आतालोक फाटकावर उभा राह्यलो, ते सगळं वाया. पुढच्या साली कायम करतो म्हणते." पुढचं साल येई आणि आणखी पुढचं साल दाखवून जाई.

वर्षं गेली. गावात वीज आली होती ती टिकायला लागली, पंचायतीत टीव्ही आला, माझी मुलगी लग्न होऊन नागपूरला गेली. आढ्याच्या कडीला गंज चढला. मग एका रविवारी मी पाहिलं, तिने शिंकं खुंटीवरून काढून त्या कडीला टांगलं होतं. मंगळवारी भाऊजी आले, वर बघत बराच वेळ उभे राहिले, मग नेहमीसारखे जेवले. अंगणात येऊन "झाली भेट" मात्र म्हणाले नाहीत.

आणि मग तिची बदली झाली! अल्लीपूरच्याच दवाखान्यात. तोवर तिच्या केसांत पांढरं दिसायला लागलं होतं. भाऊजींनी फाटक सोडलं, पथारी गुंडाळली आणि कायमचे आले. मी पुरणपोळ्या केल्या आणि माझं ताट तिला देऊनच टाकलं. म्हटलं, आता हे परत आणू नको.

वाचकहो, मला वाटलं होतं की इथं गोष्ट संपली. तुम्हालाही वाटलं असेल.

पहिले काही दिवस बरे गेले. मग मागच्या खोलीतून काहीच ऐकू येईना. भांडण नाही, हसणं नाही. "तुम्ही बसा." "नाई, तू बस." "तुम्ही जेवून घ्या." "तुहं होऊ दे." स्टँडवरचे दोन उतारू एकमेकांना बाकावर जागा देतात तसं चाललेलं. दोन ताटं असूनही एक जेवे आणि दुसरा बाहेर थांबे. रविवार उजाडला की भाऊजी सकाळीच बाहेर पडत आणि दिवसभर स्टँडवर बसत.

"भाऊजी, घरी जा ना. आज तं तिले सुट्टी हाय."

"म्हणूनच तं," ते म्हणाले. "आज तिचा वार हाय, वयनी."

ती एकदा माझ्याजवळ बसून रडली. "ताई, हे समोर आले का मले पाहुणे वाटते. शिंक्यात ठिवून सारं बोलत होतो आमी. आता तोंडानं बोलाचं तं काय बोलू?" मी म्हटलं, होईल सवय. पण जुनीच सवय इतकी मुरली होती की नवीला जागा नव्हती. मला दोघांचाही राग आला आणि कीवही आली.

पावसाळा सरायच्या आत भाऊजी पुन्हा पुलगावला गेले. फाटकावर, रांगेच्या अगदी शेवटी. "बसून बसून अंग धरते," एवढंच कारण सांगितलं. लोकांनी चिक्कार टवाळी केली. आणि मंगळवारी ते परत यायला लागले. ती दवाखान्यात असताना दुपारी यायचे. दवाखाना हाकेच्या अंतरावर, हाक मारली असती तरी आली असती. पण ते कुलूप उघडून शिंकं काढायचे, खायचे, मडकं भरायचे आणि ती यायच्या आत गाडी धरायचे. ती आता ताजी भाकर करून ठेवू शकत होती, तरी दशम्याच करायची.

एकदा मी त्यांना आमच्या अंगणाच्या फाटकात अडवलं. "भाऊजी, पाचले येते ते. थांबा ना घडीभर, भेटून जा."

त्यांनी हात पुसले, खिशात दोरा चाचपला, पण काढला नाही. "झाली ना भेट, वयनी," ते म्हणाले. "मीठ कमी होतं आज. तिले बरं नाई वाटते. जरा पाहाल काय?"

मी रात्री पाहायला गेले. तिला ताप होता.

पुढे एका मंगळवारी संध्याकाळी ती माझ्या दारात आली. हातात फडकं, तसंच बांधलेलं. "ताई, आज भेट नाई झाली."

"गाडी चुकली असंल," मी म्हटलं. ती मान हलवून गेली. त्या फडक्याची गाठ तिने सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुलगावहून त्यांचा भाऊ आला. सोमवारी गिरणीच्या फाटकावर उभे असतानाच भाऊजी खाली बसले होते, ते उठलेच नाहीत; मंगळवारी रात्री गेले. ती भावासोबत गेली ती दिवस करूनच परतली.

मधल्या काळात आम्ही गल्लीतल्या बायकांनी तिची खोली आवरली. सुतकाचं पाणी घरात ठेवू नये, म्हणून मडकं अंगणात ओतलं, घासलं आणि उन्हात पालथं घातलं. आपल्याकडे असंच करतात.

ती परत आली, पिशवी खाली ठेवली आणि नेहमीसारखी आधी मडक्याकडे गेली. ते पालथं पाहून तिथंच बसली.

"पाणी फेकलं काय, ताई?"

"फेका लागते ना, बाई," मी म्हटलं.

तिने मडक्याच्या बुडावर हात ठेवला. ते उन्हाने तापलं होतं.

"अर्धं होतं अजून," ती म्हणाली.