रुमाल टाकलाय

"रुमाल टाकलाय!"

काका हे नुसतं बोलत नसत, करून दाखवत. उजवा हात खांद्याच्या वर न्यायचा, समोर एसटीची खिडकी आहे असं समजायचं आणि मनगट झटकून आत काहीतरी भिरकवायचं. की झाली जागा त्यांची. मग ती मंडळाच्या गणपतीतली पहिल्या पंगतीची खुर्ची असो, डॉक्टरांकडच्या वेटिंग रूममधली हीटरजवळची सीट असो, नाहीतर इंग्लंडात लेस्टरमधल्या आमच्या रस्त्यावरची त्यांच्या दारासमोरची पार्किंगची जागा.

तुमच्याही ओळखीत असे एक काका असतील. आमचे साताऱ्याकडचे. ऐन तारुण्यात इथे आले, मोज्यांच्या कारखान्यात उभा जन्म काढला आणि इंग्रजी बोलायला लागले तेही सातारी हेलात. मी पुण्याहून नोकरीसाठी आले आणि त्यांच्या शेजारचं घर भाड्याने घेतलं, तेव्हा दारातच त्यांनी विचारलं होतं, "गाडी आहे का गं तुझ्याकडे?" नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, पर्यावरणवादी असावेत.

तसं काही नव्हतं. आमच्या रस्त्यावर लाल विटांची घरं एकमेकांना चिकटून उभी आहेत. अंगण नाही, गॅरेज नाही. दार उघडलं की पेव्हमेंट आणि पेव्हमेंट संपला की कोणाची तरी गाडी. जागा कोणाच्याच मालकीची नाही. एरवी यावरून कोणी भांडत नाही, जो तो पडद्याआडून धुसफुसतो. पण एकदा का बर्फ पडला की सभ्यपणा उघडा पडतो. बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकणारी कौन्सिलची गाडी मोठ्या रस्त्यांवरूनच फिरते. आमच्याकडे ज्याचं त्याने फावडं घेऊन उतरायचं. एखादा तासभर घाम गाळून गाडीपुरती जागा मोकळी करतो, दूध आणायला म्हणून जातो आणि परत येऊन बघतो तर तिथे शेजाऱ्याची गाडी! तेव्हा दोघंही एकमेकांना जे 'सॉरी' म्हणतात ना, ते ऐकण्यासारखं असतं.

म्हणून लोक साफ केलेल्या जागेवर आपला कचऱ्याचा बिन आणून उभा करत. काकांना ते अजिबात पसंत नव्हतं. "कचरा ठेवून जागा धरायची? शी! काही रीतभात?" ते इस्त्रीचा पांढरा रुमाल आणत, साफ केलेल्या डांबरावर अंथरत आणि वर अर्धी वीट ठेवत.

आणि गाडी तर त्यांच्याकडेही नव्हती! नजर अधू झाल्यावर ती त्यांनी कधीच विकून टाकली होती. जागा लागायची ती काकूंसाठी. काकूंचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असायचं. हॉस्पिटलची गाडी न्यायला यायची, ती दारात थांबली तर ठीक. नाहीतर गुडघे गेलेल्या काकूंनी त्या काचेसारख्या पेव्हमेंटवरून रस्त्याच्या टोकापर्यंत चालायचं. एकदा पडल्या असत्या तर पुढचं सांगायलाच नको.

समोर डेव्ह राहायचा. प्लंबर, दांडगा आणि दिलखुलास. व्हॅन एवढी मोठी की तिला दोन घरांसमोरची जागा लागायची. अस्सल लेस्टरचा, त्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्याला "ऑलराइट, मी डक?" म्हणायचा. काका दर वेळी चिडायचे. "बदक कोणाला म्हणतो रे हा?" मी सांगायची की काका, 'मी डक' म्हणजे 'माय डक', ते इथलं प्रेमाने म्हणणं आहे. "प्रेम असू दे. मी बदक नाही."

त्या वर्षी बर्फ आठवडाभर मुक्कामाला आला. पहिल्या दिवशी काकांनी जागा साफ केली, रुमाल अंथरला आणि चहा प्यायला घरात गेले. तेवढ्यात आणखी बर्फ पडला. पांढऱ्या रुमालावर पांढरा बर्फ! काका बाहेर येऊन बघतात तर रुमालावर डेव्हची व्हॅन.

"धिस इज माय प्लेस," काका म्हणाले. "रुमाल टाकलाय."

"यू वॉट, मी डक?"

काकांनी त्याला हात झटकून एसटीची अख्खी खिडकी करून दाखवली. डेव्हने वाकून व्हॅनखालचा रुमाल काढला, झटकला आणि अदबीने परत दिला. "युअर हँकी, मेट. बट इट्स अ पब्लिक रोड."

वरच्या खिडकीतून काकू म्हणाल्या, "बरोबर बोलतोय तो. रुमालाचं तिकीट काढलंय का तुम्ही?"

हे काकूंचं ठेवणीतलं वाक्य. यामागे एक गोष्ट आहे आणि ती दोघंही मला वेगवेगळी, पण सारख्याच आनंदाने सांगत. तरुणपणी काकांनी कराडच्या स्टँडवर एसटीत रुमाल टाकला होता. गर्दीतून आत पोचतात तो त्या सीटवर दोन वेण्यांची एक मुलगी बसलेली, रुमालाची घडी करून मांडीवर ठेवलेली. काका म्हणाले, रुमाल माझा आहे. ती म्हणाली, हा घ्या की मग. म्हणजे जागा माझी, काका म्हणाले. त्यावर ती म्हणाली, "जागा एसटीची. रुमालाचं तिकीट काढलंय का?" काका साताऱ्यापर्यंत उभे राहून गेले आणि घरी पोचल्यावर आईला म्हणाले, लग्न करीन तर हिच्याशीच. काकूंनी रुमालाचा कायदा मात्र पुढे जन्मभर मानला नाही.

मी काकांना म्हटलं, "अहो, डेव्हला काकूंचं सांगा ना. तो लगेच जागा देईल."

"देईल की," काका म्हणाले. "पण मग ती उपकाराची जागा झाली. रुमालाची जागा हक्काची असते."

रंग चुकला, एवढंच त्यांनी मान्य केलं. दुसऱ्या दिवशी ते काकूंच्या कपाटातून लालभडक ब्लाउजपीस घेऊन आले. आता मराठी बाईच्या कपाटात ओटीत आलेले ब्लाउजपीस किती असतात हे तुम्ही जाणताच. शिवायचे नसतात, टाकायचेही नसतात, नुसते पुढच्या घरी पाठवायचे असतात. "अहो, ओटीतलं कापड रस्त्यावर टाकताय!" काकू ओरडल्या. तोवर टाकून झालं होतं. डेव्हला वाटलं, कोणाचं तरी वाळत घातलेलं उडून आलंय. त्याने त्याची घडी करून जवळच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, व्हॅन लावली आणि आत गेला.

नेमका तो डायलिसिसचा दिवस. हॉस्पिटलची गाडी कोपऱ्यावरच थांबली. काका घरात गेले. आतून मिठाचा डबा घेऊन आले. काकूंच्या किडनीपायी त्या घरात मीठ जवळपास बंदच झालं होतं, जे होतं ते सगळं त्या डब्यात. काका पुढे वाकून एक मूठ मीठ टाकायचे, काकू त्यांच्या पाठीला धरून त्या मिठावर एक पाऊल टाकायच्या. मग पुढची मूठ. मी काकूंचा दुसरा हात धरला होता. काकू म्हणाल्या, "लग्नात सप्तपदीला इतकं हळू चालला असतात तर माझा शालू फाटला नसता."

डेव्हने ते दारातून पाहिलं. तो बूट घालायलाही थांबला नाही. मोज्यांवरच बर्फात उतरला, व्हॅन मागे घेतली आणि हॉस्पिटलच्या गाडीला हात करून दारापर्यंत बोलावलं. मग काकांसमोर येऊन म्हणाला, "वाय डिंट यू सेय?"

"आय सेड," काका म्हणाले. "रुमाल टाकलाय. आय सेड टू टाइम्स."

संध्याकाळी काका त्याच्या दारात गेले. मला वाटलं, आभार मानणार. त्यांनी डेव्हच्या हातात एक पोपटी ब्लाउजपीस ठेवला आणि रुमालाचा कायदा समजावून सांगितला: जो साफ करील त्याची जागा, निशाणी म्हणून कापड आणि निशाणीला हात लावायचा नाही. मग शेजारच्या घरात गुलाबी, त्याच्या पुढे निळा. आठवडाअखेरीस आमचा रस्ता एखाद्या हळदीकुंकवासारखा दिसायला लागला आणि बिन सगळे आपापल्या जागी गेले. भांडणं अगदीच संपली असं नाही, पण लोक 'रूमॉल, रूमॉल' म्हणून उघडपणे भांडायला लागले. काकू रिकाम्या कपाटासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "माझ्या सगळ्या ओट्या इंग्रजांना वाटल्या या माणसाने."

गेल्या उन्हाळ्यात काका गेले. आजारपण नाही, काही नाही, अचानक. जिच्यासाठी एवढी जागा धरायची तिला मागे ठेवून स्वतःच पुढच्या गाडीत चढून बसले. मला त्यांचा फार राग आला होता. अजूनही येतो.

यंदा जानेवारीत बर्फ पडला तो नेमका डायलिसिसच्या दिवशी. फावडं घेऊन मी सकाळीच दार उघडलं आणि तशीच उभी राहिले. काकूंच्या दारासमोरची जागा डांबर दिसेपर्यंत साफ केलेली. मधोमध पोपटी ब्लाउजपीस, वर अर्धी वीट. समोर डेव्हच्या दारात वीतभर बर्फ तसाच आणि व्हॅन कुठेच नाही. ती त्याने पार कोपऱ्यापलीकडे नेऊन लावली होती.

हॉस्पिटलची गाडी आली. ड्रायव्हर नवा होता. त्याने काच खाली करून विचारलं, हे फडकं कोणाचं आहे, फेकून देऊ का?

डेव्हच्या दंडाला धरून काकू दारात आल्या होत्या. त्यांनी ते पोपटी कापड पाहिलं. कितीतरी वेळ पाहिलं. जन्मभर तो कायदा न मानलेली ती बाई ठणकावून म्हणाली,

"डोन्ट टच. सीट इज टेकन."