किल्ल्यांचा लोलक

बेलवलीच्या अभ्यासिकेत माझ्यासमोर एक बाई बसतात. आम्ही दोघंही केऑस थिअरी, म्हणजे गोंधळाचं गणित, शिकतोय. मी एमएस्सीसाठी, त्या कशासाठी कोण जाणे. दोऱ्याला घराची किल्ली, तिच्याखाली दुसऱ्या दोऱ्याने स्कूटीची, असा लोलकाखाली लोलक त्या टेबलाच्या कडेला टांगतात, झुलवतात आणि आवाज होऊ नये म्हणून तोंडावर ओढणी दाबून हसतात.

"परीक्षा कधी तुमची?" एकदा मी विचारलंच.

"कसली परीक्षा? अरे, बघ ना, तिथूनच सोडली तरी दर वेळी भलतीकडेच जाते!"

माझा नुसता जळफळाट झाला. त्या लोलकाची समीकरणं मला तोंडपाठ आहेत.

काल घरी मीही दोन किल्ल्या टांगून सोडल्या. भन्नाट भरकटल्या. माझ्या मनात आलं, हे किती मार्कांना येईल?