बेवारस गाड्यांचे वारसदार

बंद झालेल्या कंपनीची गाडी घेतली की घरात नट-बोल्ट साठत जातात. मिस्त्री गाडी उघडतो, परत जोडतो आणि दरवेळी मूठभर सामान उरतंच! "हे कुठलं?" असं विचारलं तर म्हणतो, "एक्स्ट्रा है साब." किस्स्यांचंही तसंच आहे. गाडी घेतल्यापासून ते उरतच चाललेत. नट-बोल्ट मी बरणीत टाकतो, किस्से डायरीत. बरणी कधीच भरली.

डायरी लिहायला मला कोणी शिकवलं नाही. भूकंपानंतर पंचनाम्याला आलेल्या माणसाने विचारलं, "घरात काय काय होतं?" मी तेव्हा दहावीत होतो. लिहायला बसलो, तो अजून लिहितोच आहे.

* * *

आमचं गाव किल्लारीच्या बाजूचं. त्या पहाटे आई आणि धाकटा भाऊ घरात होते, आप्पा, म्हणजे माझे वडील, आणि मी शेतात राखणीला. त्यानंतर आप्पा स्लॅबखाली झोपले नाहीत. पुनर्वसनात पक्कं घर मिळालं, तर त्यात ज्वारी ठेवली आणि स्वतः अंगणात पत्र्याखाली राहिले.

मी नांदेडला एका शाळेत लिपिक. मुलगी श्रुती डॉक्टरकीच्या परीक्षेच्या क्लाससाठी लातूरला, तिच्यासोबत माझी बायको सुनंदा, भाड्याच्या फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर. मी शनिवार-रविवार तिकडे. गावात आप्पा एकटे. चक्कर येऊन दोनदा पडले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "यांना एकटं ठेवू नका." म्हणून लातूरला आणलं. पण ते जिना चढेनात. दिवसासुद्धा नाही! इमारतीसमोरच्या मोकळ्या पार्किंगमध्ये त्यांनी बाज टाकली. जेवण खाली, चहा खाली. श्रुती पाठांतर करायची तीही खाली, बाजेच्या कडेला बसून.

आठव्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी आले. "जाधव, इथं बाज चालणार नाही. पार्किंग गाड्यांसाठी असते."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. "गाड्यांसाठी हाय म्हणतंय ना? मंग गाडी घे."

* * *

नांदेडला जुन्या गाड्यांच्या यार्डात मी आप्पांना एसटीने घेऊन गेलो. लोक गाडीचं मायलेज विचारतात, टायर दाबून बघतात. आप्पांनी चपला काढल्या आणि पहिल्या गाडीच्या मागच्या सीटवर आडवे झाले.

"पाय दुमडतंय. दुसरी दाखीव."

दुसरीत मान वाकडी झाली. तिसरी म्हणजे ही आमची. छोटी एसयूव्ही, मागच्या सीट पाडल्या की सपाट होणारी, आणि कंपनीने देशातून गाशा गुंडाळल्यामुळे यार्डात सगळ्यात स्वस्त. आप्पा मागच्या दारातून आत शिरले, पटका काढून उशाला घेतला आणि डोळे मिटले. मी आणि दलाल पाच मिनिटं बाहेर उभे!

"कंपनी बंद झालीय म्हणे?" मी विचारलं.

"म्हणून तर ह्या भावात मिळायली, साहेब! माणूस गेला की त्याची किंमत वाढते, गाडीची उतरते." मग त्याने आत वाकून आप्पांना म्हटलं, "काका, एक चक्कर मारून तर बघा!"

आप्पांनी डोळे न उघडता सांगितलं, "चालवायला कोण घ्यायलंय?"

* * *

सर्व्हिसिंगसाठी गाडीच्या पुस्तिकेतला लातूरचा पत्ता शोधत गेलो. इमारत तीच, काचाही त्याच. पण आत शोरूमऐवजी कोचिंग क्लास! गाड्या चढवायच्या उतारावर दोनशे सायकली.

वॉचमनने विचारलं, "ॲडमिशन का?"

"नाही. सर्व्हिसिंग."

त्याने हातातली यादी वरपासून खालपर्यंत वाचली. "ती बॅच न्हाई आपल्याकडं. आत चौकशी करा."

मी गाडी वळवत होतो, तेवढ्यात आतून एक गृहस्थ खडू पुसत धावत आले. गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभेच राहिले. हे कांबळे सर, तिथे आणि श्रुतीच्या क्लासमध्येही फिजिक्स शिकवतात, म्हणून मला ओळखत होते. त्यांच्याकडेही हीच गाडी, आणि तीही नवीकोरी घेतलेली! या गाडीच्या मालकांत तेवढे एकच.

"जाधव, आत तो फळा दिसतो ना? तिथंच मला किल्ली दिली होती. हार घालून. पेढे वाटले होते." आणि मग हळूच, "आता तिथंच उभं राहून मी घर्षण शिकवतो."

त्याच दिवशी त्यांनी मला या गाडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेतलं.

* * *

ग्रुपचं नाव 'बेवारस'. नांदेड-लातूर पट्ट्यातले आम्ही नऊ जण. त्यात नांदेडचे सलीमभाई, या गाडीला हात लावणारे एकमेव मिस्त्री. उदगीरचे अण्णा, धान्याचे आडते. नायगावचे एक डॉक्टर. आणि बाकीचे प्रत्येक मेसेजला फक्त हात जोडणारे.

ग्रुपचा नियम एकच. कोणाची गाडी कायमची गेली की तेराव्या दिवशी सगळ्यांनी जमायचं आणि चिठ्ठ्या टाकून पार्ट वाटून घ्यायचे. भंगारवाल्याला फक्त सांगाडा द्यायचा. सलीमभाई म्हणायचे, "अपनी गाडी मरती नहीं साब. बँट जाती है."

मी नवा होतो तेव्हा नायगावच्या डॉक्टरांच्या गाडीला टँकरने ठोकलं. ग्रुपवर फोटो आला. पहिला मेसेज अण्णांचा: "डावा हेडलाइट वाचला का?"

दुसरा कांबळे सरांचा: "रेडिएटरचा क्लोजअप पाठवा."

वीस मिनिटांनी कोणाला तरी आठवलं: "डॉक्टर कसे आहेत?"

दवाखान्यातून स्वतः डॉक्टरांनीच उत्तर दिलं: "मी बरा आहे. हेडलाइट गेला."

आठ जणांनी रडणारी तोंडं टाकली!

* * *

दिवाळीनंतर आमची गाडी बंद पडली. चालू करायला गेलो तर नुसते दिवे लागले. सलीमभाई लातूरला आले, अर्धा दिवस तार लावून बसले आणि म्हणाले, "इंजन हाय, बॅटरी हाय, सगळं हाय. दिमाग गया." गाडीचा मेंदू म्हणजे तिचा कॉम्प्युटर. तो दुरुस्त होत नाही आणि नवा कोणी बनवत नाही.

आप्पा गाडीत फक्त झोपायचे, त्यांना फरक पडला नाही. गाडी बंद झाल्यावर उलट खूशच. "आता डिझेलचा वास येत न्हाई."

फरक पडला सेक्रेटरींना. "जाधव, चालते ती गाडी. चालत नाही ते भंगार. भंगार ठेवायला सोसायटी नाही." या महिन्यात सुरू करा, नाहीतर काढा, असं त्यांनी लेखी दिलं.

मी आप्पांना काही बोललो नव्हतो. पण पार्किंगमध्ये राहणाऱ्या माणसापासून पार्किंगमधली गोष्ट लपत नाही. त्यांनी पिशवीत दोन धोतरं आणि औषधं भरून ठेवली. "गाडी गेली की मी गावाकडं. पत्र्याखाली बरं हाय मला."

श्रुतीने ती पिशवी तीन वेळा रिकामी केली. आप्पांनी चौथ्यांदा भरली.

* * *

तेवढ्यात हैदराबादच्या एका भंगारवाल्याकडे आमच्या गाडीचा मेंदू असल्याची बातमी लागली. एकच नग. मी कोणाला न सांगता फोन केला, हिंदीत. त्याने किंमत सांगितली. मी विचार करतो म्हणालो. दुसऱ्या दिवशी किंमत वाढली. "साब, बहोत डिमांड है. लोगां पीछे पडेले हैं." मी हो म्हणायच्या आत तिसऱ्या दिवशी दुप्पट! मी भविष्य निर्वाह निधीतून उचल काढायचा अर्ज लिहायला घेतला.

चौथ्या दिवशी ग्रुपवर अण्णांचा मेसेज: "हैदराबादहून मेंदू घेतला! तेलुगूत बोललो म्हणून जमलं. दोन येडे सारखे भाव वाढवायले होते, हटवलं दोघांना!"

मग कांबळे सरांनी लिहिलं: "अण्णा, दुसरा येडा मी. इंग्रजीत बोललो होतो."

मी लिहिलं: "पहिला मी."

विचारलं तर तिघांनाही तो मेंदू माझ्याच गाडीसाठी हवा होता! अण्णांना मला चकित करायचं होतं. कांबळे सरांना श्रुती त्यांची विद्यार्थिनी म्हणून. आणि एकमेकांना विचारायचं कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

अण्णा स्वतः मेंदूचा डबा घेऊन उदगीरहून आले. सलीमभाईंनी मेंदू बसवला, किल्ली फिरवली. पडद्यावर अक्षरं उमटली: 'कोड टाका.'

"कोड कोणाकडे असतो?" अण्णांनी विचारलं.

"कंपनी के पास."

"मग कंपनीला विचार की!"

सलीमभाईंनी किल्ली काढून आप्पांच्या हातात दिली. मी त्या दिवशी डायरीत फक्त तारीख लिहिली आहे.

* * *

तेराव्या दिवशी रविवार होता. दुपारी बारा वाजता बेवारस मंडळी पाने-पकडी घेऊन आमच्या पार्किंगमध्ये जमली. माझ्याकडे सांत्वनाला आल्यासारखी तोंडं, आणि प्रत्येकाच्या खिशात आपल्याला हव्या असलेल्या पार्टची यादी. सोमवारी सांगाडा उचलायला टेम्पो येणार होता. आप्पांची गावाची एसटी सोमवारीच, सकाळी सातची.

वडीलधारे म्हणून चिठ्ठ्या आप्पांनीच उचलायच्या असं ठरलं. ते गाडीच्या मागच्या दारात पाय खाली सोडून बसले होते. एकेक चिठ्ठी उचलून नावं सांगत गेले. रेडिएटर कांबळे सरांना. डावीकडची दोन्ही दारं अण्णांना. एसीचं मशीन सलीमभाईंना.

"आप्पा, राग तर नाही ना आला?" कांबळे सरांनी विचारलं.

"राग कशाचा? मेल्याली गाय हाय. ज्याला जे लागंल ते न्या. सीट तेवढी शेवटी काढा."

सेक्रेटरी गेटपाशी हाताची घडी घालून उभे होते. काम वेळेत होतंय ना, ते बघायला. सुनंदा भाजीला गेली होती. श्रुती वर होती, तिची तीन तासांची ऑनलाइन टेस्ट चालू होती, कानात इअरफोन. आप्पांच्या जाण्यावरून ती सकाळपासून माझ्याशी बोललेली नव्हती.

सलीमभाईंनी जॅक लावून गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली आणि खाली शिरले. दहा मिनिटं झाली असतील. खालून त्यांचा आवाज आला, "अरे, कौन हिलाराय गाडी? नीचे मैं हूँ!"

कोणीच गाडीला हात लावलेला नव्हता.

मग पायाखालून तो आवाज आला. आमच्या भागात तो कोणाला समजावून सांगावा लागत नाही. कांबळे सरांनी सलीमभाईंचे पाय धरून त्यांना ओढून बाहेर काढलं. जिन्यातून लोक उतरायला लागले. पोरं पुस्तकांसकट, कोणी टॉवेलवर, कोणी कढईसकट! अर्ध्या मिनिटात तिन्ही मजले खाली. सगळे मोकळ्या जागेत, वर इमारतीकडे बघत.

हादरा थांबला. मी माणसं मोजली. श्रुती नव्हती.

गाडीकडे बघितलं. मागच्या दारात आप्पांच्या चपला होत्या. आप्पा नव्हते.

मी जिना कसा चढलो ते मला आठवत नाही, त्यामुळे डायरीतही नाही. तिसऱ्या मजल्यावर दार उघडं होतं. श्रुती टेबलापाशी बसून कागदावर आकडेमोड करत होती, कानात इअरफोन तसेच. तिच्या खुर्चीमागे आप्पा अनवाणी उभे होते. दोन्ही हात तिच्या डोक्यावर धरलेले, चार बोटांच्या अंतरावर, तिला लागणार नाहीत असे. नजर वर, स्लॅबवर. आणि घामाने सदरा पाठीला चिकटलेला.

मी तोंड उघडलं, तर त्यांनी मानेनेच गप्प राहायला सांगितलं.

तेवढ्यात श्रुतीला मागे कोणीतरी असल्याचं जाणवलं. तिने वळून बघितलं, एक इअरफोन काढला. "आजोबा? तुम्ही वर?" मग लगेच पडद्याकडे वळली. "थांबा हं, अकरा मिनिटं राहिलीत."

"व्हय. सोडीव तू," आप्पा म्हणाले.

खालून सलीमभाईंनी हाक मारली. मी खिडकीतून वाकलो.

"जाधवसाब! आप्पाला सांगा, सेक्रेटरी साब गाडीत जाऊन बसलेत! सीटवर! इमारतीत जायचं न्हाई म्हणतात, काय केल्या उतरेनात! सीट काढायची तर कशी काढू?"

मी आप्पांकडे बघितलं. त्यांनी हात खाली घेतले नव्हते.

"बसू दे म्हणावं त्याला," आप्पा म्हणाले. "पोरीची अकरा मिनिटं राहिली हायत."