दम धरा

आयुष्यभर मी शाळेत मराठी शिकवलं. वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करायला लावणं हा माझा आवडता छळ. ‘दम धरणे’ म्हणजे धीर धरणे, एवढं न आलेल्या पोरांचे कान मी पिळले आहेत. त्या पोरांनी मला सोलापुरातल्या एमआरआयच्या मशीनमध्ये बघायला हवं होतं.

माझ्या पित्तनलिकेत काहीतरी अडकलं होतं. खडा आहे की गाठ, हे फोटो स्वच्छ आले तरच कळेल, असं डॉक्टर म्हणाले होते. गाठ हा शब्द ऐकल्यापासून मला घास उतरत नव्हता. बायकोसमोर मात्र मी धीराचा आव आणून होतो.

मशीनवरच्या मुलीने आधी सगळं समजावलं, पण भीतीने माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. पोटावर पट्टा बांधून तिने मला आत सरकवलं. मग हेडफोनमधून आवाज आला, श्वास सोडा, आता दम धरा. मशीन धडधडायला लागलं. बिचारी मला धीर देतेय, असं वाटून मी भारावलो आणि भारावून जोरजोरात श्वास घेत राहिलो. ती पुन्हा म्हणाली, मी पुन्हा भारावलो. शेवटी मशीन बंद करून ती आत आली. श्वासाने पोट हलल्यामुळे सगळे फोटो पुसट आले होते. मी दुखावून म्हणालो, मी केव्हाचा दम धरूनच आहे.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. “काका, दम धरा म्हंजे श्वास घ्यायचाच न्हाय की. आमच्या करकंबात समद्यांना कळतंय.”

मी मराठीचा मास्तर आहे हे तिला सांगायचा बेत मी तिथेच रद्द केला. पुढे ती सांगेल तसा श्वास सोडून, रोखून, मुकाट पडून राहिलो. छाती फुटायची वेळ आली, पण फोटो आले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर ते फोटो पडद्यावर पुढे-मागे करत बसले. काय दिसतंय, काय दिसतंय, असं मी सारखं विचारायला लागलो, तेव्हा बायकोने माझा हात दाबला.

“अहो, जरा दम धरा.”

मी लगेच श्वास रोखला.

“खडाच आहे,” डॉक्टर म्हणाले. “काढून टाकू.”

मी श्वास सोडला. शेजारी बायकोचाही सुटलेला ऐकू आला.